दोन अक्षरांची जागा

रात्री साडेदहाला पान सातचा मजकूर आला :
मुंबईतल्या पहिल्या पंचवीस शाळा.
तक्ता आधीच रंगवलेला,
वरच्या तिघींना सोनेरी पट्टी.
मला मथळा बसवायचा होता
आणि ऱ्हस्वदीर्घ तपासायचं होतं, एवढंच.

तपासताना दिसलं,
अकराव्या आणि बाराव्या शाळेत अंतर
शून्य पूर्णांक शून्य चार गुणांचं.
एवढ्यात काय मावतं?
मागच्या बाकावरची एक जांभई?
चिटणिसाला विचारलं. म्हणाला, एजन्सीचं आहे.
एजन्सीला फोन लावला,
तर रखवालदाराने उचलला.
तो म्हणाला, सगळे घरी गेले, मॅडम, वाजले किती.

तळाशी पद्धत छापलेली होती,
मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं इतक्या बारीक टायपात.
तीनशे चाळीस पालकांना विचारलं :
तुमच्या मते नावाजलेली शाळा कोणती?
ज्यांचं नाव होतं त्यांचंच नाव आलं.
तरणतलावाला आठ गुण.
वातानुकूलित वर्गांना दहा.
'अध्यापनाचा दर्जा' या रकान्यापुढे तारांकित टीप :
माहिती संबंधित शाळेने पुरवलेली.

समोरच्या पानावर, पान सहावर,
चौथ्या क्रमांकाच्या शाळेची अर्धं पान जाहिरात.
प्रवेश सुरू.
मी काही म्हणत नाही.
पेपर मिटला की दोघांचा गालाला गाल लागतो,
इतकंच सांगते.

मथळ्यात मला 'म्हणे' घालायचं होतं.
मुंबईतल्या सर्वोत्तम शाळा, म्हणे.
आजी-पणज्यांपासून चालत आलेला शब्द,
ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवणारा.
दोन अक्षरं.
जागा नव्हती.
म्हणजे जागा जाहिरातीच्या बाजूला होती,
पण ती सरकवायची कुणी?

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.
भांडुपहून, टेकडीवरच्या वस्तीतून, कुणी जाबरे.
पवईच्या टॉवरांमध्ये लिफ्ट दुरुस्त करतात,
पेपर तिथल्याच लॉबीत वाचलेला.
'आमची कस्तुरी पालिकेच्या शाळेत आहे, सहावीत.
यादीत शाळा सापडली नाही. कितवी आहे?'
म्हटलं, यादी पंचविसांचीच आहे.
'ते छापलेलं झालं. पुढचं असेल ना तुमच्याकडे?
सव्वीस, सत्तावीस, पार शेवटपर्यंत.
राग नाही येणार आम्हाला. नुसतं कळू दे.'

पुढचं नव्हतं.
ती टेकडी चढून कुणी गेलंच नव्हतं.
सांगितलं तसं ते थोडा वेळ गप्प राहिले,
मागे कुठेतरी लिफ्टचं दार उघडत-मिटत होतं.
'म्हणजे नापास नाही,' ते म्हणाले,
'परीक्षेलाच बसवलं नाही.'

मग, मी न विचारताच,
नाटेकर बाईंनी मुलांना टेकडीच्या पायऱ्या मोजायला लावल्या त्याची गोष्ट.
चारशे बारा पायऱ्या, पायरी सोळा सेंटिमीटर.
कस्तुरीने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला :
आपण सहासष्ट मीटर उंचावर राहतो, पप्पा,
आठ सेंटिमीटर कमी.
'तेवीस वर्षं लिफ्टच्या धंद्यात आहे मी.
माझ्या घराची उंची मला पोरीने सांगितली.
हे तुमच्या कुठल्या रकान्यात येतं?'

मी तक्ता पुन्हा उघडला. खरंच उघडला.
तरणतलाव, प्रयोगशाळा, विदेश सहली.
म्हटलं, रकाना नाहीये हो.
'बरं,' ते म्हणाले, आणि आभारही मानले,
ते जास्त लागलं.

शुक्रवारी आम्ही शुद्धिपत्र छापलं.
बाराव्या शाळेच्या विश्वस्तांनी थेट वर फोन केला होता.
नजरचुकीने क्रमांकांची अदलाबदल, दिलगीर आहोत.
चार ओळी, चौकटीत.

पायऱ्या मी अजून मोजलेल्या नाहीत.
भांडुपला जायचं आहे असं दोन रविवार म्हणते आहे.
पुढच्या मार्चच्या डायरीत मात्र
पान सातपुढे लिहून ठेवलंय : म्हणे.
जाहिरात अर्धा सेंटिमीटर सरकवावी लागेल.